क्वेकर श्रद्धा आणि सार्वजनिक जीवन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्वेकरांबद्दल मराठी वाचकांकडून येणारे प्रश्न बहुधा एकाच कुतूहलातून निघतात : मौन पाळणाऱ्या, पुरोहित नसलेल्या आणि संख्येने अगदी थोड्या अशा या लोकांचे नाव गुलामगिरीविरोध, तुरुंगसुधारणा, स्त्रियांचा मताधिकार आणि युद्धविरोध या सगळ्यांच्या इतिहासात पुन्हा पुन्हा कसे येते? पुढील प्रश्न प्राथमिक माहितीपासून अडचणीच्या अपवादांपर्यंत लावले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्वेकर म्हणजे नेमके कोण? हा ख्रिस्ती पंथ आहे की वेगळा धर्म?

क्वेकर हा सतराव्या शतकाच्या मध्यावर, इंग्लंडमधील यादवी युद्धाच्या धामधुमीत उभा राहिलेला ख्रिस्ती पंथ आहे. त्याचे औपचारिक नाव 'रिलिजस सोसायटी ऑफ फ्रेंड्स' असे असून सभासद एकमेकांना 'फ्रेंड' म्हणतात. जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) हा त्याचा पहिला प्रवर्तक. मार्गारेट फेल हिने लँकेशायरमधील स्वार्थमूर हॉल हे आपले घर या चळवळीला खुले केले आणि तिला संघटनेचा आकार दिला. प्रत्येक माणसात ईश्वराचा अंश आहे आणि त्याच्याशी संवाद साधायला मध्यस्थ पुरोहिताची गरज नाही, ही मूळ धारणा होय. ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेच्या काही भागांत उपासना मौनात चालते. ज्याला किंवा जिला आतून बोलावेसे वाटते ती व्यक्ती उभी राहून थोडक्यात बोलते आणि पुन्हा शांतता पसरते. जगातील बहुसंख्य क्वेकर मात्र या पद्धतीने उपासना करत नाहीत. त्याबद्दल प्रश्न १५ पाहावा. पुरोहिताला दिलेला फाटा पाहून काही वाचकांना वारकऱ्यांची आठवण होते. ती साहजिक आहे, पण टाळ-मृदंगाच्या गजरात वाढलेल्या माणसाला क्वेकरांची ही शांतता प्रथम बरीच अवघड जाते.

२. क्वेकर ओट्सशी यांचा काही संबंध आहे का?

नाही. त्या कंपनीने क्वेकरांच्या सचोटीचा लौकिक पाहून नाव आणि चित्र उचलले. कॅडबरी, राउंट्री आणि फ्राय ही चॉकलेटची घराणी मात्र खरोखर क्वेकर होती. ऑक्सफर्ड व केंब्रिज विद्यापीठांचे आणि सरकारी अधिकारपदांचे दरवाजे कायद्याने बंद असल्यामुळे अनेक क्वेकर कुटुंबे व्यापारात आणि पेढ्यांत शिरली, हे त्यामागचे एक मोठे कारण होते.

३. तासभर गप्प बसणारी माणसे राजकारणात कशाला पडतात? श्रद्धा ही खासगी बाब नव्हे काय?

क्वेकर विचारात श्रद्धा व्यक्तीच्या अंतरंगात सुरू होते, पण तेथेच थांबली तर ती अपुरी मानली जाते. समोरच्या माणसात ईश्वराचा अंश आहे असे एकदा मान्य केले, की त्या माणसाला विकणे, फटके मारणे, उपाशी ठेवणे किंवा युद्धात ठार करणे ही सामाजिक गैरसोय राहत नाही, ती ईश्वराचीच अवहेलना ठरते. १६५६ साली लॉन्सेस्टनच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात फॉक्सने आपल्या अनुयायांना हाच उपदेश केला : जेथे जाल तेथे आदर्श व्हा, आणि प्रत्येकातील ईश्वरी अंशाला साद घालत आनंदाने जगात वावरा.

आरंभीच्या क्वेकरांपुढे राजकारण टाळण्याचा पर्यायही फारसा नव्हता. न्यायाधीशापुढे किंवा सरदारापुढे टोपी काढायची नाही, चर्चचा दशांश कर द्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, या प्रत्येक कृतीला त्या काळी शिक्षा होती आणि हजारो क्वेकर तुरुंगात गेले. तुरुंगातील सहकाऱ्यांची बाजू राजापुढे आणि पार्लमेंटपुढे मांडता मांडता त्यांना निवेदने लिहिण्याची, अत्याचारांच्या तपशीलवार नोंदी ठेवण्याची आणि सत्ताधाऱ्यांची भेट मागण्याची जी सवय लागली, तीच पुढे इतरांच्या कामी आली.

४. 'साक्ष' हा शब्द क्वेकर कोणत्या अर्थाने वापरतात?

क्वेकरांकडे सर्वांनी म्हणायचा असा ठरावीक श्रद्धामंत्र नाही. त्याऐवजी शांती, समता, सचोटी आणि साधेपणा या मूल्यांची 'साक्ष' आपल्या जगण्यातून द्यावी, असे ते मानतात. आता अनेक सभा सामुदायिक जीवन आणि पृथ्वीची काळजी यांचाही त्यात समावेश करतात. शांतीची साक्ष सर्वांत प्रसिद्ध आहे. दुसरा चार्ल्स राजा गादीवर आल्यानंतर, १६६०–६१च्या हिवाळ्यात, क्वेकरांनी त्याला निवेदन देऊन कोणत्याही हेतूने आणि कोणत्याही सबबीवर आपण शस्त्र उचलणार नाही, असे कळवले. त्यामागे राजकीय निकडही होती, कारण लंडनमध्ये दुसऱ्याच एका पंथाने नुकतेच बंड केले होते आणि संशय क्वेकरांवरही आला होता. निकडीतून लिहिलेले ते वचन साडेतीन शतकांहून अधिक काळ टिकले आहे.

५. एखाद्या क्वेकराला एखाद्या प्रश्नावर जाहीरपणे उभे राहावेसे वाटले, तर तो काय करतो?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, कारण क्वेकर नेतृत्वाचे वेगळेपण येथे दिसते. मनात येणारी प्रत्येक चीड किंवा कळकळ ही ईश्वरी प्रेरणाच असते, असे क्वेकर मानत नाहीत. तिच्यात अहंकार, घाई किंवा प्रसिद्धीची हौस मिसळलेली असू शकते. त्यामुळे ज्याला एखादी 'तळमळ' जाणवते, त्याने ती आपल्या स्थानिक सभेपुढे ठेवावी, अशी रीत आहे.

सभा बहुधा चार-सहा अनुभवी सभासदांची एक छोटी समिती नेमते. ही समिती सल्ला देत नाही, वादही घालत नाही. ती प्रश्न विचारते आणि मधल्या शांततेला वेळ देते : हे काम तुझेच आहे की दुसऱ्या कोणी करावे असे तुला वाटते? घरच्यांचे काय म्हणणे आहे? नोकरीवर गदा आली तर काय करशील? या कामात तुला कोणाचा राग तर नडत नाही ना? अशा बैठकीनंतर काहींची तळमळ विरून जाते आणि काहींची पक्की होते. पक्की झाल्यास सभा आपल्या दप्तरात तशी नोंद करते, प्रवास करायचा असल्यास परिचयपत्र देते, गरज पडल्यास पैसे जमवते आणि काही काळाने हिशेबही मागते.

न्यू जर्सीतील शिंपी आणि दुकानदार जॉन वूलमन (१७२०–१७७२) हे याचे ठळक उदाहरण आहे. तरुणपणी मालकाच्या सांगण्यावरून त्याने एका गुलाम स्त्रीच्या विक्रीचा कागद लिहून दिला, आणि पुढे असे कागद लिहिण्यास तो नकार देऊ लागला. सभेची परिचयपत्रे घेऊन तो वर्षानुवर्षे क्वेकर मळेवाल्यांच्या घरी जात राहिला. त्यांच्याच ओसरीवर बसून त्यांच्याशी मृदूपणे बोलणे आणि गुलामांकडून झालेल्या पाहुणचाराचे पैसे त्या गुलामांना देऊन निघणे, हा त्याचा शिरस्ता होता. यजमानाला संकोचात टाकणारी ही रीत जाहीर सभेतील भाषणापेक्षा कितीतरी कठीण होती, असे माझे मत आहे.

६. मतदान न करता निर्णय कसे होतात? एका माणसाने अडवले तर सगळे अडकते का?

क्वेकरांची कामकाजाची सभा हीदेखील उपासनाच मानली जाते. 'क्लार्क' म्हणून निवडलेली व्यक्ती चर्चा ऐकते, सभेचा कल कोणत्या दिशेला स्थिरावतो आहे याचा अंदाज घेते, त्याच बैठकीत नोंदीचा मसुदा लिहून वाचून दाखवते आणि सभेने मान्यता दिल्यावर तो निर्णय ठरतो. हात वर करून मोजणी होत नाही. एखाद्याला निर्णय पटत नसेल, पण सभेची दिशा त्याला दिसत असेल, तर तो बाजूला उभा राहतो आणि काम पुढे जाते. मात्र ज्याच्या शब्दाला सभेत वजन आहे अशा व्यक्तीने मनापासून हरकत घेतली, तर क्लार्क बहुधा विषय पुढच्या बैठकीवर ढकलतो.

या पद्धतीने निर्णय संथ होतात, आणि त्याची किंमत कधी कधी दुसरेच लोक मोजतात. गुलामगिरीच्या बाबतीत ती कोणी मोजली, हे प्रश्न ९ मध्ये आले आहे.

७. शपथ घ्यायचीच नाही, तर क्वेकर माणूस खासदार किंवा साक्षीदार कसा होतो?

तुमचे 'होय' हे होय आणि 'नाही' हे नाही असू द्या, या येशूच्या वचनाचा क्वेकरांनी शब्दशः अर्थ घेतला. शपथेवर सांगितलेले तेवढे खरे, असे मानले तर एरवीचे बोलणे दुय्यम ठरते, ही त्यांची हरकत होती. मार्गारेट फेल आणि जॉर्ज फॉक्स हे दोघेही १६६४ मध्ये राजनिष्ठेची शपथ नाकारल्यामुळे लँकेस्टरच्या तुरुंगात गेले. १६९६च्या कायद्याने इंग्लंडमध्ये बऱ्याच कामांसाठी शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञा चालू लागली, तरी पार्लमेंटचे दार बंदच राहिले. जॉन आर्चडेल १६९८ मध्ये निवडून आला आणि शपथ नाकारल्यामुळे त्याला जागा गमवावी लागली. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी, १८३३ मध्ये, जोसेफ पीझ यांना प्रतिज्ञा करून सभागृहात बसू देण्यात आले. अमेरिकेच्या राज्यघटनेने अध्यक्षालाही शपथ किंवा प्रतिज्ञा असा पर्याय सुरुवातीपासून दिला आहे. आपल्याकडे आमदार-खासदारांना 'ईश्वरसाक्ष शपथ' आणि 'गांभीर्यपूर्वक दृढकथन' यांतील एक निवडता येते. तशी तरतूद इंग्रजी कायद्यात प्रथम रुजली ती मुख्यतः क्वेकरांच्या आग्रहामुळे.

८. क्वेकर लॉबिंग करतात, हे खरे आहे का? धार्मिक संस्थेला ते शोभते का?

खरे आहे, आणि ते उघडपणे नोंदणी करून केले जाते. 'फ्रेंड्स कमिटी ऑन नॅशनल लेजिस्लेशन' ही संस्था १९४३ मध्ये, दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना स्थापन झाली आणि वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी संसदेपासून चालत जाण्याच्या अंतरावर तिचे कार्यालय आहे. कोणत्या विषयांवर जोर द्यायचा, हे देशभरातील क्वेकर सभांना विचारून ठरते. प्रत्येक नव्या काँग्रेसच्या (म्हणजे नव्याने निवडून येणाऱ्या अमेरिकी संसदेच्या) आधी सभा चर्चा करून आपले अग्रक्रम कळवतात आणि क्वेकर प्रतिनिधींची मोठी समिती त्यांतून अंतिम यादी करते. संस्था कोणत्याही पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही. ती स्वयंसेवकांना आपापल्या मतदारसंघातील लोकप्रतिनिधींच्या कार्यालयाशी वर्षानुवर्षे संबंध ठेवायला शिकवते. विरोधी मताच्या प्रतिनिधीलाही भेटायचे, आधी त्याने केलेल्या एखाद्या चांगल्या कामाबद्दल आभार मानायचे, मग एकच नेमकी मागणी करायची, अशी ही शिस्त आहे.

अमेरिकी करकायद्यानुसार धर्मादाय संस्थेवर लॉबिंगची कडक मर्यादा असते. म्हणून संसदेतील पाठपुरावा करणारी संस्था आणि तिचा शिक्षणनिधी कायदेशीरदृष्ट्या वेगळे ठेवले आहेत. पहिलीला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळत नाही, दुसऱ्याला दिलेल्या देणगीवर मिळते. ब्रुसेल्समध्ये युरोपीय संस्थांपुढे बाजू मांडणारे क्वेकर कार्यालय १९७९ पासून आहे. संयुक्त राष्ट्रांतील कामाबद्दल प्रश्न १३ पाहावा.

९. क्वेकर पहिल्यापासून गुलामगिरीच्या विरोधात होते ना?

नाही. हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि क्वेकर स्वतःही कधी कधी तो सोयीने पसरू देतात. पेनसिल्व्हानियाचा संस्थापक विल्यम पेन स्वतः गुलाम बाळगत होता. फिलाडेल्फियातील अनेक श्रीमंत क्वेकर व्यापारी गुलामांच्या खरेदी-विक्रीत होते. १६८८ मध्ये जर्मनटाउन येथील चौघांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निवेदन दिले. मासिक सभेने (म्हणजे स्थानिक सभेने) ते वरच्या सभेकडे पाठवले, तिने वार्षिक सभेकडे, म्हणजे त्या प्रदेशातील क्वेकरांच्या सर्वांत वरच्या सभेकडे, आणि वार्षिक सभेने विषय फार मोठा आहे म्हणून तो बाजूला ठेवला. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांची खरेदी-विक्री करणाऱ्यांना कामकाजातून दूर ठेवण्याचे आणि गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी शिष्टमंडळे पाठवण्याचे ठरवले; वूलमन त्या शिष्टमंडळांत होता. गुलाम बाळगणाऱ्याला पंथातून काढण्याचा नियम १७७६ मध्ये आला. निवेदनापासून नियमापर्यंत ८८ वर्षे गेली, आणि त्या काळात क्वेकर घरांत गुलामगिरीत जगलेल्या आणि मेलेल्या माणसांना सभेच्या संयमाचे कौतुक असण्याचे कारण नव्हते.

आधी स्वतःचे घर झाडून घेतल्याचा परिणाम मात्र पुढे दिसला. १७८३ मध्ये लंडनच्या क्वेकरांनी गुलामव्यापाराविरुद्ध पार्लमेंटला अर्ज दिला. १७८७ मध्ये लंडनमध्ये जी समिती स्थापन झाली तिच्या १२ संस्थापकांपैकी ९ क्वेकर होते. पार्लमेंटमध्ये बसण्याची मुभा नसल्यामुळे (प्रश्न ७) सभागृहातील काम विल्यम विल्बरफोर्स या अँग्लिकन खासदाराकडे गेले, आणि देशभर सह्या, पत्रके व समित्या उभारण्यात क्वेकरांच्या सभांच्या जाळ्याचा मोठा वाटा होता. १८०७ मध्ये ब्रिटिश गुलामव्यापारावर बंदी आली, १८३३ मध्ये साम्राज्याच्या बहुतेक भागांतील गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. श्रेय दुसऱ्याच्या नावावर जमा झाले तरी काम थांबवायचे नाही, ही सवय त्यांना काहीशी नाइलाजाने लागली.

१०. या चळवळीत स्त्रिया इतक्या पुढे कशा?

मार्गारेट फेल हिने १६६६ मध्येच स्त्रियांच्या धर्मोपदेशाचे समर्थन करणारी पुस्तिका छापली होती. स्त्रिया उपासना सभेत बोलत, प्रवास करून प्रचार करत आणि आपल्या स्वतंत्र कामकाज सभा चालवत. लिहिणे, हिशेब ठेवणे, विरोध ऐकून घेणे आणि लोकांपुढे उभे राहणे यांचा सराव त्यांना पिढ्यानपिढ्या मिळाला. एलिझाबेथ फ्राय १८१३ मध्ये लंडनच्या न्यूगेट तुरुंगात गेल्या, तेथील स्त्री कैद्यांसाठी त्यांनी १८१७ मध्ये मंडळ स्थापन केले आणि १८१८ मध्ये हाउस ऑफ कॉमन्सच्या समितीपुढे साक्ष दिली. १८४८च्या सेनेका फॉल्स येथील स्त्रीहक्क परिषदेमागे ल्युक्रेशिया मॉट आणि त्यांच्या क्वेकर मैत्रिणी होत्या. अॅलिस पॉल यांनी १९१७ मध्ये व्हाइट हाउसच्या दारात मूक पहारा सुरू केला. हातात फलक, तोंडातून शब्द नाही, आणि अटक झाल्यावर उपोषण. मौनाचा इतका आक्रमक उपयोग क्वचितच कोणी केला असेल. तीन वर्षांनी अमेरिकेच्या राज्यघटनेत मताधिकाराची दुरुस्ती झाली.

११. प्रत्यक्ष सत्ता हाती आली, तर क्वेकर शांतीची साक्ष कशी सांभाळतात?

याला एकच उत्तर नाही. पेनसिल्व्हानियात सत्तर वर्षांहून अधिक काळ क्वेकरांचे वर्चस्व होते. १७५६ मध्ये गव्हर्नरने डेलावेअर या मूलनिवासी लोकांविरुद्ध युद्ध पुकारले, तेव्हा विधिमंडळातील सहा क्वेकर सदस्यांनी राजीनामे दिले. इंग्लंडमध्ये जॉन ब्राइट यांनी क्रिमियन युद्धाला विरोध केला, त्याची किंमत म्हणून १८५७ मध्ये मँचेस्टरची जागा गमावली, दुसरीकडून निवडून आले, मंत्री झाले, आणि १८८२ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्यावर मंत्रिपद सोडले. सत्तेत जावे, पण राजीनामा खिशात ठेवून जावे, असा हा मार्ग दिसतो.

दुसऱ्या टोकाला रिचर्ड निक्सन आहेत. ते कॅलिफोर्नियातील क्वेकर कुटुंबात वाढले, दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले आणि अध्यक्ष म्हणून त्यांनी व्हिएतनाम युद्ध चालवले. त्यांना पंथातून काढावे अशी मागणी देशभरातील अनेक क्वेकरांनी केली, परंतु सभासदत्वाचा अधिकार स्थानिक सभेकडे असतो आणि त्यांच्या गावच्या सभेने तसे केले नाही. क्वेकर असल्याने माणूस युद्धविरोधी राहीलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही, आणि द्यायची यंत्रणाही त्यांच्याकडे नाही.

१२. हिटलरसमोरही अहिंसा? हे भाबडेपणाचे नाही काय?

हा प्रश्न क्वेकरांना स्वतःलाही छळत आला आहे. दोन्ही महायुद्धांत काही क्वेकर तरुण सैन्यात गेले, आणि त्यांच्या सभांनी बहुधा त्यांना आपलेच मानले. इतरांनी नकार दिला. ब्रिटनच्या १९१६च्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यात सदसद्विवेकबुद्धीला स्थान मिळावे म्हणून टी. एडमंड हार्वी आणि आर्नल्ड राउंट्री या क्वेकर खासदारांनी प्रयत्न केले होते. नकार देणाऱ्यांपैकी कित्येक जण रुग्णवाहिका पथकांत गेले, कित्येक तुरुंगात गेले.

नाझी राजवटीच्या काळात त्यांचे सर्वांत परिणामकारक काम कार्यालयांत झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये जर्मनीत ज्यूंवर हल्ले झाल्यानंतर काही दिवसांतच ब्रिटिश ज्यू नेते आणि क्वेकर यांचे शिष्टमंडळ गृहमंत्री सॅम्युएल होअर यांना भेटले, आणि मुलांना पालकांविना देशात घेण्याची परवानगी मिळाली. त्यातून सुमारे १०,००० मुले वाचली. ज्यू पालकांचे काय, या प्रश्नाला मात्र त्या परवानगीत उत्तर नव्हते. १९४७चा नोबेल शांतता पुरस्कार ब्रिटन व अमेरिकेतील क्वेकर मदतसंस्थांना मिळाला तो अशा कामाबद्दल. अहिंसेने हिटलर थांबला असता, असा दावा त्यामुळे सिद्ध होत नाही, आणि विचारी क्वेकर तो करतही नाहीत.

१३. एका बाजूची वकिली करायची आणि दोन बाजूंत मध्यस्थीही करायची, हे एकाच वेळी कसे जमते?

बहुधा जमत नाही, म्हणून कामे वेगळी ठेवली जातात. न्यूयॉर्क आणि जिनिव्हा येथील क्वेकर कार्यालये संयुक्त राष्ट्रांच्या मुत्सद्द्यांना एका घरगुती जेवणाच्या टेबलाभोवती बोलावतात. तेथे झालेले बोलणे बाहेर कोणाच्या नावावर सांगायचे नाही, छायाचित्र नाही, पत्रक नाही. लढाईत मुलांना वापरण्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय नियमांसाठी त्यांनी अशाच रीतीने वर्षानुवर्षे काम केले. १९६५च्या भारत-पाक युद्धानंतर अॅडम कर्ल, जोसेफ एल्डर आणि लेस्ली मेटकाफ हे क्वेकर दोन्ही राजधान्यांत जाऊन एकाचे म्हणणे दुसऱ्याला समजावून सांगत होते. कर्ल पुढे नायजेरियातील यादवी युद्धातही याच कामात होते.

अशा मध्यस्थाने दुसऱ्या दिवशी एका सरकारविरुद्ध निदर्शने केली, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील? उलट, अन्याय धडधडीत असताना मौन पाळणे हीही एक बाजू घेणेच ठरते, असे दुसरे क्वेकर म्हणतात. हा ताण सुटलेला नाही.

१४. कायदा मोडणे क्वेकरांना मान्य आहे का?

तळमळ तपासून घेतलेली असेल (प्रश्न ५), कृती अहिंसक व उघड असेल आणि शिक्षा भोगण्याची तयारी असेल, तर अनेक सभा त्याला पाठिंबा देतात. १६७० मध्ये विल्यम पेन (प्रश्न ९) आणि त्याचा क्वेकर सहकारी विल्यम मीड यांच्यावर रस्त्यावर सभा भरवल्याचा खटला झाला; ज्युरीने न्यायाधीशाचे दडपण झुगारले, ज्युरींनाच तुरुंगात टाकले गेले, आणि त्यातून ज्युरीच्या स्वातंत्र्याचे तत्त्व पक्के झाले. १९५८ मध्ये अमेरिकी नौदलातील माजी अधिकारी अल्बर्ट बिगेलो 'गोल्डन रूल' ही छोटी नौका घेऊन पॅसिफिकमधील अणुचाचण्यांच्या क्षेत्राकडे निघाले आणि होनोलुलूत पकडले गेले. मार्च २०२५ मध्ये लंडनच्या पोलिसांनी वेस्टमिन्स्टर येथील क्वेकर सभागृहाचे दार फोडून आत बैठक घेणाऱ्या तरुण आंदोलक स्त्रियांना अटक केली. जागा भाड्याने दिलेली होती, आंदोलन क्वेकरांचे नव्हते, तरीही उपासनास्थळात पोलीस शिरल्याबद्दल ब्रिटनच्या क्वेकरांनी जाहीर निषेध केला.

१५. सगळे क्वेकर उदारमतवादीच असतात का?

नाही. जगात सुमारे चार लाख क्वेकर आहेत आणि सर्वाधिक केनियात आहेत. तेथील, तसेच लॅटिन अमेरिकेतील बहुतेक सभांत पाळक असतात, भजने होतात, बायबलला केंद्रस्थान असते आणि सामाजिक मते पारंपरिक असतात. ब्रिटनच्या वार्षिक सभेने २००९ मध्येच समलिंगी विवाहाला मान्यता दिली, तर अनेक आफ्रिकी सभांना ती मान्य नाही. 'क्वेकर असे म्हणतात' या वाक्यापुढे 'कुठले?' असा प्रश्न विचारणे म्हणूनच आवश्यक आहे.

१६. क्वेकरांच्या चांगल्या हेतूंतून वाईट परिणामही झाले आहेत का?

झाले आहेत. कैद्याला एकांत मिळाला तर त्याला पश्चात्ताप होईल, या क्वेकर सुधारकांच्या कल्पनेचा फिलाडेल्फियातील १८२९च्या ईस्टर्न स्टेट तुरुंगावर मोठा प्रभाव होता. तेथील एकांतकोठडीने माणसे वेडी होऊ लागली. १८६९ नंतर अध्यक्ष ग्रँट यांच्या धोरणाखाली अमेरिकी मूलनिवासींच्या वसाहतींचा कारभार काही ठिकाणी क्वेकरांकडे आला, आणि मुलांना घर, भाषा व चालीरीतींपासून तोडणाऱ्या निवासी शाळा त्यांनीही चालवल्या. आज अमेरिकी क्वेकर एकांतकोठडीविरुद्ध आणि त्या शाळांच्या सत्यशोधन आयोगासाठी पाठपुरावा करतात. ते करताना आपल्याच पूर्वजांची दप्तरे उघडावी लागतात.

बेयार्ड रस्टिन यांचा प्रसंगही येथेच सांगायला हवा. १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाचे हे कृष्णवर्णीय क्वेकर संघटक १९५५ मध्ये अमेरिकी क्वेकर संस्थेच्या गाजलेल्या शांतताविषयक पुस्तिकेच्या लेखनगटात होते. समलैंगिकतेवरून झालेल्या अटकेचा गवगवा पुस्तिकेला बाधेल म्हणून त्यांचे नाव लेखकांत छापले गेले नाही. तशी सूचना त्यांनी स्वतःच केली होती. ती स्वीकारणाऱ्यांनी सचोटीच्या साक्षीचे काय केले, हा प्रश्न शिल्लक राहतो. संस्थेने त्यांचे नाव पुष्कळ वर्षांनी जोडले.

१७. सभेने मान्यता दिली नाही, तर माणसाने गप्प बसावे का?

नियम सांगतो की थांबावे, पुन्हा ऐकावे. इतिहासात मात्र बेंजामिन ले (१६८२–१७५९) आहे. जेमतेम चार फूट उंचीच्या या क्वेकराने १७३८ मध्ये न्यू जर्सीतील बर्लिंग्टनच्या सभेत लाल रसाने भरलेली पिशवी पोकळ पुस्तकात लपवून नेली, तलवार खुपसली आणि गुलाममालक क्वेकरांच्या अंगावर ते 'रक्त' उडवले. तो सभांतून अनेकदा हाकलला गेला आणि पंथाबाहेर काढला गेला. तरीही तो येत राहिला. त्याला काढणाऱ्या सभांच्या आजच्या वारसांनी २०१८च्या सुमारास तो आपलाच होता असे नोंदवले, आणि लंडनच्या फ्रेंड्स हाउसमध्ये पेनच्या नावाची खोली २०२१ मध्ये लेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. वूलमनची मृदू रीत आणि लेची धक्का देणारी रीत यांतील कोणती उपयोगी पडली, असे विचारणारे बरेच असतात. गुलामगिरीविरुद्धचा ठराव झाला त्या सभागृहात वूलमन होता; पण ज्यांनी ठराव केला त्यांच्यापैकी पुष्कळांनी ते लाल डाग पाहिलेले किंवा ऐकलेले होते.

१८. भारताशी, विशेषतः महाराष्ट्राशी, क्वेकरांचा काही संबंध आला का?

आला. मिशनरी म्हणून ते एकोणिसाव्या शतकात मध्य भारतात आले. होशंगाबादजवळच्या रसूलिया येथील त्यांच्या ग्रामीण केंद्राने १९७२ मध्ये किशोर भारती या संस्थेसह विज्ञानशिक्षणाचा प्रसिद्ध प्रयोग सुरू केला, आणि त्याला मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील वैज्ञानिकांचे साह्य मिळाले. जॉन ब्राइट यांनी १८५८ मध्येच कलकत्त्याहून चालणारा केंद्रीभूत कारभार मोडून पाच स्वतंत्र इलाखे करावेत असे कॉमन्समध्ये सुचवले होते. त्यांत मुंबई एक होता.

स्वातंत्र्यलढ्याच्या काळात लंडनमध्ये क्वेकरांच्या पुढाकाराने १९३१ मध्ये 'इंडिया कन्सिलिएशन ग्रुप' स्थापन झाला. अगाथा हॅरिसन त्याच्या चिटणीस होत्या. गांधीजी तुरुंगात असोत वा बाहेर, त्यांचे म्हणणे मंत्र्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या कानावर घालत राहणे हे त्यांचे काम होते. होरेस अलेक्झांडर १५ ऑगस्ट १९४७ रोजी कलकत्त्यात गांधीजींसोबत होते. हेच गृहस्थ दिल्लीच्या पक्षिनिरीक्षकांचेही गुरू. मार्जोरी साइक्स यांनी वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये १९४९ पासून सुमारे दशकभर नई तालीमच्या शिक्षकांना घडवले. १९५९ मध्ये मार्टिन लूथर किंग यांचा भारतदौरा अमेरिकी क्वेकर संस्थेने गांधी स्मारक निधीसह आयोजित केला. त्या दौऱ्यात ते मुंबईच्या मणिभवनात मुक्कामाला होते.

१९. मी क्वेकर नाही आणि नोकरीसाठी परदेशात आहे. त्यांच्या सभेला आणि लॉबिंगला जाऊ शकतो का?

उपासना सभा सर्वांना खुली असते. धर्म बदलावा लागत नाही आणि वर्गणी मागितली जात नाही. हिंदू, बौद्ध किंवा निरीश्वरवादी माणसे वर्षानुवर्षे केवळ येऊन बसतात. त्यांना 'अटेंडर' म्हणतात. पहिल्या दिवशी बोलू नये असा नियम नाही, पण आधी काही आठवडे ऐकणे बरे.

अमेरिकेत राहणाऱ्या, परंतु नागरिक नसलेल्या व्यक्तीलाही आपल्या भागातील काँग्रेस सदस्याच्या कार्यालयाशी बोलण्याचा अधिकार आहे. मतदान मात्र तिला करता येत नाही, आणि कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना नसेल तर निवडणूक प्रचाराला देणगी देणे बेकायदा ठरते. कामाच्या व्हिसावर असलेल्यांनी अटक होऊ शकेल अशा निदर्शनात उतरण्यापूर्वी स्थलांतरविषयक वकिलाचा सल्ला जरूर घ्यावा. सभेतील लोक आपुलकीने सोबत येतील, पण व्हिसाचा धोका तुमचा एकट्याचा असतो. लोकप्रतिनिधीच्या भेटीला जाताना आपला पत्ता त्याच मतदारसंघातील आहे हे आरंभीच सांगावे, कारण कार्यालयातील कर्मचारी सर्वांत आधी तेच विचारतात.